मैदानाची किल्ली

तालुका क्रीडा संकुलासाठी राज्य सरकारकडून मिळणाऱ्या अनुदानाची मर्यादा पूर्वी १ कोटी रुपये होती. अलीकडे ती ५ कोटींवर गेली. जिल्हा संकुलाच्या ८ कोटींचे २५ कोटी झाले, विभागीय संकुलाच्या २४ कोटींचे ५० कोटी. राज्यात साडेतीनशेहून अधिक तालुके आहेत, म्हणजे ही काही किरकोळ योजना नव्हे. खेळाला पैसा मिळत नाही, ही तक्रार निदान बांधकामापुरती तरी जुनी झाली. तरीही पुष्कळ तालुक्यांच्या गावी संकुलाचे चित्र ठरावीक असते: गावापासून चार-पाच किलोमीटरवर सरकारी जमिनीत उभी भिंत, रंग उडालेली कमान, कुलूप लावलेले बॅडमिंटन सभागृह, आणि भिंतीला पडलेल्या खिंडारातून आत जाऊन रस्त्याकडेच्या पट्टीवर धावणारी मुले. पैसा खाल्ला गेला म्हणून असे होते, हे उत्तर सर्वांच्या ओठांवर असते. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण जिथे एक रुपयाही खाल्ला गेला नाही, तिथेही कुलूप असतेच, आणि त्याचे कारण शोधायला हवे. माझे म्हणणे असे की, अनेकांनी मिळून वापरायच्या जागेत पहिला विचार वेळेच्या वाटपाचा आणि रोजच्या देखभालीचा व्हायला हवा; नकाशा आणि बांधकाम त्यामागून यावे. आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. कोनशिला बसते, फीत कापली जाते, मग कोणीतरी विचारते की किल्ली कोणाकडे ठेवायची.

हा क्रम उलटा का पडतो, ते पैशाच्या वाटा पाहिल्या की कळते. खेळ हा घटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतला विषय. त्यामुळे मुख्य भार राज्याचा. त्याखेरीज जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदारांचा स्थानिक विकास निधी, खासदार निधी, केंद्राची 'खेलो इंडिया' योजना आणि कंपन्यांचा सामाजिक दायित्वाचा पैसा. खासदार निधी १९९३ साली सुरू झाला आणि आज तो दर खासदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे; आमदार निधीही वाढत वाढत ५ कोटींवर आला. या निधीचा मूळ स्वभाव टिकाऊ मत्ता उभारण्याचा. भिंत बसते, सभामंडप बसतो, हायमास्ट दिवा बसतो. त्या दिव्याचे बिल मात्र बसत नाही, आणि मैदानावर पाणी मारणाऱ्या माणसाचा पगार तर मुळीच नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा यांपैकी एक अट पुरी करणाऱ्या कंपनीने सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. त्याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात खेळाचा उल्लेख आहे तो ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक व ऑलिम्पिक खेळांना चालना देणाऱ्या प्रशिक्षणाच्या रूपाने. प्रशिक्षण हा शब्द नीट मनावर घेतला असता तर हा पैसा माणसांवर गेला असता. पण वार्षिक अहवालात छायाचित्र छापायचे तर प्रशिक्षकापेक्षा प्रवेशद्वार उठून दिसते, हे कोणत्याही कंपनीच्या जनसंपर्क खात्याला सांगावे लागत नाही.

यात कुणाची दुष्ट बुद्धी असते असे नाही. नियोजन समितीचा निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे, नाहीतर तो परत जातो. मग फेब्रुवारीत घाईने इस्टिमेट होते आणि ज्याचा दर सरकारी दरसूचीत तयार आहे तीच वस्तू घेतली जाते. पेव्हर ब्लॉकचा दर दरसूचीत असतो. ओपन जिमची साधने तयार मिळतात. मुरमाच्या धावपट्टीवर पाणी मारून, रोलर फिरवून, दर आठवड्याला फक्कीने आखणी करणे हे कामच मुळात संपणारे नाही, म्हणून ते मार्च महिन्यात बसत नाही. शिवाय तुकड्या-तुकड्यांनी आलेला पैसा तुकड्या-तुकड्यांनीच बांधतो: कुंपण एका निधीतून, प्रेक्षकांच्या पायऱ्या दुसऱ्यातून, व्यायामशाळेची शेड तिसऱ्यातून. प्रत्येक तुकड्याचा ठेकेदार वेगळा आणि पूर्णत्वाचा दाखला वेगळा. पाणी, स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, साहित्य ठेवायची कोठी या खऱ्या अर्थाने सामायिक गोष्टी. त्यांवर कोणत्याच खेळाचे नाव नसते, म्हणून त्या मागणारी संघटनाही नसते. क्रिकेटवाले खेळपट्टी मागतात, कबड्डीवाले मॅट मागतात. नळाची तोटी मागणारा संघ अजून नोंदला गेलेला नाही.

केंद्राने एकदा हे ओळखले होते. २००८ साली सुरू झालेल्या पंचायत युवा क्रीडा और खेल अभियानात, म्हणजे 'पायका'त, गावाला मैदान तयार करण्यासाठी एकरकमी पैसे तर होतेच, पण काही वर्षे साहित्यासाठी आणि मैदान चालवण्यासाठी वार्षिक रक्कमही होती, आणि 'क्रीडाश्री' नावाचा मानधनावरचा माणूसही होता. मानधन इतके तुटपुंजे होते की त्यात कोणाचा महिना निघणे शक्य नव्हते. पुढे २०१४ मध्ये या योजनेचे नाव आणि रूप बदलले आणि नंतर ती 'खेलो इंडिया'त विरून गेली. फसलेल्या योजनांच्या यादीत तिला टाकून देणे सोपे आहे. पण मैदान चालवायला माणूस लागतो, हे तिने कागदावर मान्य केले होते.

सामायिक मैदानाचा प्रश्न आपल्याकडे नवा नाही, आणि तो केवळ पैशाचाही नाही. मुंबईच्या एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, १८७० आणि १८८० च्या दशकांत पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत. तिथेच १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना आला. गोऱ्यांनी स्वतःच्या क्रिकेटची हिरवळ जपून ठेवली आणि पोलो खेळायला घोडे घातले ते नेटिवांच्या खेळण्याच्या जागेत. टापांनी जमीन उखडली, खेळपट्ट्या गेल्या. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, वर्तमानपत्रांतून वाद रंगला. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला त्यात या झगड्याची हकिगत आली आहे. अखेर तोडगा निघाला तो वाटपाचा नव्हे, वाटणीचा: पारशी, मुस्लिम आणि हिंदू जिमखान्यांना समुद्राकाठी स्वतंत्र भूखंड मिळाले, आणि मरीन ड्राइव्हला आज ते ओळीने उभे आहेत. एका मैदानावर कोणी कधी काय खेळायचे हा नियम करणे सरकारला अवघड वाटले. प्रत्येकाला वेगळे कुंपण देणे सोपे गेले. प्रत्येक समाजाला, प्रत्येक संघटनेला, प्रत्येक नेत्याच्या मंडळाला आपापला तुकडा देण्याची आपली सवय तेव्हापासूनची म्हणायची का? तसा सरळ वारसा सिद्ध करता येणार नाही. पण साम्य डोळ्यांत भरण्यासारखे आहे.

त्याच काळातली पुण्याची गोष्ट याहून बोचरी आहे. पळवणकर बाळू यांनी सुरुवातीला एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडण्याचे आणि रोलर फिरवण्याचे काम केले, मग इंग्रजांच्या पूना क्लबात महिना ४ रुपयांवर ते ग्राउंडमन झाले. तिथे साहेबांना सराव देता देता ते देशातले सर्वांत मोठे फिरकी गोलंदाज बनले. हिंदू संघाने त्यांना घेतले, मैदानात सर्वांनी तोच चेंडू हाताळला. पण चहाच्या वेळी, अस्पृश्य मानले गेल्यामुळे, बाळूंचा चहा पॅव्हिलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात. मैदान सामायिक झाले होते, सुविधा सामायिक झाली नव्हती. म्हणून 'सर्वांसाठी खुले' ही पाटी लावल्याने काम भागत नाही. जागा खरोखर वाटून वापरली जाते की नाही, ते नळापाशी, कपडे बदलायच्या खोलीत आणि कोठीच्या दारात कळते. आज तिथे अडते ते मुख्यतः मुलींचे. स्वच्छतागृह बांधलेले असते, निधीच्या हिशेबात त्याची नोंद असते, आणि 'घाण होते' म्हणून त्याला कुलूप असते. मुलगे भिंतीमागे जातात. मुलगी सकाळी पाणी न पिता सरावाला येते, किंवा येणेच सोडते. मग संकुलात मुलींचा प्रतिसाद कमी, असा शेरा अहवालात लिहिला जातो.

किल्लीच्या प्रश्नाला एक चोख उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधले होते. ते म्हणजे तालीम. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग मैदानाचे कौतुक आपण करतो. १९१२ साली खुले झालेले ते मैदान खोलगट वाडग्यासारखे आहे, चहूकडून मातीचा उतार, त्यामुळे लोखंडी स्टँड न उभारता हजारो माणसांना मधली कुस्ती दिसते. मोठ्या खर्चाशिवाय प्रेक्षकांची सोय करण्याचा तो उत्तम नमुना आहेच. पण कुस्ती जगवली ती पेठा-पेठांतल्या तालमींनी. तालमीत वस्ताद राहतो; किल्ली कोणाकडे हा सवालच उरत नाही. हौदातली लाल माती रोज खोऱ्याने उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालायचे, ती सारखी करायची, हे पठ्ठ्यांचे काम, आणि तोच त्यांचा पहिला व्यायाम. देखभाल हा वेगळा खर्च नाही, सरावाचाच भाग आहे. पेठेची वर्गणी, घरचा खुराक, जत्रेच्या मैदानातले इनाम यांवर बाकीचे चालते. त्याच पेठांचे फुटबॉल संघ कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या छत्राखाली शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा सामना असला की लोक तिकीट काढून येतात. म्हणजे वापरणाऱ्यांकडून पैसा उभा राहू शकतो. तालमीचे फार गोडवे गाण्याचेही कारण नाही: तिचे दार पिढ्यान् पिढ्या मुलींना बंद होते, आणि वस्तादाच्या मर्जीबाहेर तिथे नियम नव्हता. घ्यायचे ते एवढेच, की जागा राखणारा माणूस आधी आणि भिंती मागून.

लेखी नियमाचे उदाहरण मुंबईत आहे. दादरचे शिवाजी पार्क १९२५ मध्ये माहीम पार्क म्हणून खुले झाले आणि १९२७ मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. सुमारे २८ एकरांच्या या मैदानात क्रिकेटच्या खेळपट्ट्या, व्यायाममंदिर, जिमखाना, आजी-आजोबांचे उद्यान आणि भोवतीचा कट्टा हे सगळे एकत्र नांदते. शिवाय सभा. सभांच्या आवाजावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले, २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि पुढे खेळाव्यतिरिक्तच्या कार्यक्रमांसाठी वर्षाला ४५ दिवस ठरवून देण्यात आले. ४५ दिवस जास्त की कमी यावर भांडण होऊ शकते, होतेही. पण आकडा कागदावर आहे, म्हणून भांडायला जागा आहे. तालुक्याच्या मैदानावर लग्नाचा मांडव किती दिवस, प्रदर्शन किती दिवस, सर्कस किती दिवस, याला आकडाच नसतो. मांडवाच्या खांबांचे खड्डे बुजवायचे कोणी, हेही ठरलेले नसते. पाय मुरगळल्यावर ते ठरते.

आता नकाशाकडे वळू, कारण वाटपाचे अर्धे निर्णय भूमितीच करून टाकते. ४०० मीटरच्या प्रमाणित धावपट्टीच्या आतली रुंदी ७३ मीटर असते. १०५ बाय ६८ मीटरचे फुटबॉल मैदान तिच्यात जेमतेम बसते. क्रिकेटची सीमारेषा ५९ ते ८२ मीटरवर. म्हणजे बेताची म्हटली तरी मैदानाला १२०-१३० मीटर व्यास हवा, आणि तो धावपट्टीच्या आत मावणार नाही. तरी पुष्कळ ठिकाणी धावपट्टी आखून तिच्या मधोमध सिमेंटची क्रिकेट खेळपट्टी ओतली जाते. झाले, फुटबॉल गेला आणि धावणारे चेंडू चुकवत धावू लागले. ६५ मीटर त्रिज्येचे क्रिकेट मैदान सुमारे १३,००० चौरस मीटर जागा व्यापते आणि एका वेळी त्यावर १३ खेळाडू असतात. कबड्डीचे पुरुषांचे अंगण १३ बाय १० मीटर, खेळाडू १४. नुसत्या क्षेत्रफळाने पाहिले तर क्रिकेटच्या एका मैदानात कबड्डीची १०० अंगणे होतात. कबड्डीवाल्यांनी हा हिशेब अजून कुणाच्या तोंडावर फेकलेला नाही, हा त्यांचा मोठेपणा. सभागृहाचे उलट आहे. बास्केटबॉलचे अंगण २८ बाय १५ मीटर. भोवती दोन-दोन मीटर मोकळे सोडून ३२ बाय १९ मीटरची फरशी केली, छत पुरेसे उंच ठेवले, तर त्याच जागेत व्हॉलीबॉल होतो, बॅडमिंटनची तीन अंगणे आखता येतात, मॅट टाकून कबड्डीची दोन. चार रंगांच्या रेषा आणि मॅट ठेवायला एक मोठी कोठी, एवढाच जास्तीचा खर्च. पण सभागृह केवळ बॅडमिंटनच्या मापाने बांधले की ते दहा-वीस सभासदांचे होते, आणि बांधल्यावर ते रुंद करता येत नाही.

नकाशा काढण्याआधी विचारायचे कोणाला, हा प्रश्न इथे येतो. संकुल समितीत लोकप्रतिनिधी असतात, महसूल, बांधकाम आणि क्रीडा खात्याचे अधिकारी असतात. मैदानाचा सर्वांत नेमाने वापर करणारा वर्ग मात्र त्यात कुठेच नसतो, आणि तो म्हणजे भरतीची तयारी करणारी मुले-मुली. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर धावायचे असते. शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. त्यांना क्रीडा खाते खेळाडू मानत नाही, संघटना नाही, पदक नाही. पण पहाटे पाचला ग्रामीण महाराष्ट्रात मैदानावर कोण असते, तर तेच. त्यांना काय हवे? मुरमाची सपाट पट्टी, सूर्योदयाआधी दोन तास उजेड, गोळाफेकीचा एक गोल, पाणी, आणि मुलींसाठी उघडे स्वच्छतागृह. सात-आठ कोटींच्या घरात जाणारा सिंथेटिक ट्रॅक त्यांनी मागितलेला नाही. तसा ट्रॅक आठ-दहा वर्षांत झिजतो, मग पुन्हा वरचा थर टाकायला कोट्यवधी लागतात, आणि तोवर तो खराब होऊ नये म्हणून त्यावर साध्या बुटांनी धावायला बंदी घालतात. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचे अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेले, पण स्पर्धात्मक धावणे त्यांनी सुरू केले ते सैन्यात गेल्यावर. तालुक्याच्या मैदानाने असे धावपटू घडवावेत ही अपेक्षा रास्त आहे. ते ट्रॅकच्या रंगावर ठरत नाही, वर्षाचे तीनशे दिवस मैदान उघडे राहते की नाही यावर ठरते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की देखभालीचे एवढे कौतुक सांगता, पण त्याला पैसा कुठे आहे? साधा हिशेब मांडून पाहू. ५ कोटींपैकी ४ कोटींत बांधकाम आवरले आणि १ कोटी रुपये बँकेत मुदत ठेवीत टाकले, तर ७ टक्के दराने वर्षाला ७ लाख, म्हणजे महिन्याला ५८ हजार रुपये व्याज येईल. दोन माणसे, एक ग्राउंडमन आणि एक राखणदार-सफाई कामगार, प्रत्येकी १६ हजार धरले तर ३२ हजार. प्रकाशासाठी ४०० वॅटचे २० एलईडी दिवे धरले तर ताशी ८ युनिट. रोज तीन तास म्हणजे २४ युनिट. १२ रुपये दराने महिन्यातले २५ दिवस जळले तर ७,२०० रुपये. उरलेल्या १९ हजारांत पाणी, फक्की, जाळी, बल्ब, तोट्या. महागाईने व्याज अपुरे पडेल, हे खरे. त्यासाठी संध्याकाळचे दिव्यातले तास भाड्याने द्यावेत: नोकरी-धंदा करणारे लोक तासाला ३०० रुपये सहज देतील, कारण खासगी टर्फवर ते याच्या कित्येक पट देतात. रोज तीन तास, महिन्यातले २० दिवस, १८ हजार. अडचण एवढीच की बांधकामाचे अनुदान ठेवीत गुंतवायला आजच्या नियमांत वाव नाही. न खर्चलेला पैसा म्हणजे अपयश, असे लेखापरीक्षणाचे शास्त्र सांगते. बदलायला हवा तो हा नियम. बऱ्याच जिल्ह्यांनी स्टेडियमच्या पायऱ्यांखाली दुकानगाळे काढून उत्पन्नाची सोय पाहिली, आणि कल्पना वाईट नव्हती. पण गाळ्यांचे भाडे जुन्या करारात अडकते, थकते, आणि हळूहळू संकुलाचा दर्शनी भाग बाजाराकडे आणि पाठ मैदानाकडे होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शुल्क लावले की गरीब बाहेर फेकला जातो. शुल्क सरसकट लावले तर निश्चितच फेकला जाईल. म्हणून वाटप तासांचे हवे. पहाटे पाच ते आठ भरतीवाल्यांना आणि चालणाऱ्यांना मोफत. दिवसा तालुक्यातल्या शाळांना. चार ते सात मुलामुलींच्या सरावाला, त्यातले ठरावीक तास फक्त मुलींचे. आणि सातनंतर भाडे. रात्रीचा पैसेवाला खेळाडू पहाटेच्या मुलीचा उजेड भरतो, असा तो व्यवहार. 'सगळे मोफत' ही घोषणा ऐकायला उदार वाटते, पण मोफत आणि बंद असलेल्या मैदानापेक्षा काही तास विकत देणारे आणि बाकी उघडे असलेले मैदान गरिबाच्या जास्त कामाचे. तासांचा तक्ता फाटकावर रंगवलेला असावा. वहीत ठेवलेला तक्ता कोणाच्या तरी फोनने बदलतो.

मग तिसरा पक्ष म्हणतो, एवढी कटकट कशाला, द्या एखाद्या संस्थेला चालवायला. मुंबईने ते करून पाहिले आहे. महापालिकेची २१६ उद्याने आणि मैदाने दत्तक किंवा काळजीवाहू तत्त्वावर खासगी संस्थांकडे होती. काहींनी ती नीट राखली. काही ठिकाणी मात्र क्लबहाउस उभे राहिले, सभासदत्वाचे दर लागले, आणि सार्वजनिक जागेच्या दारात पहारेकरी आला. २०१६ मध्ये नवे दत्तक धोरण मंजूर होताच इतका गदारोळ झाला की ते थांबवावे लागले आणि भूखंड परत घेण्याची मोहीम निघाली. यातून खासगी संस्था वाईट असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. करारात वेळ, दर, बांधकामाची मर्यादा आणि करार मोडल्यास काय, हे नसले तर चांगली संस्थाही हळूहळू मालक होते. आणि हे चारही मुद्दे असले तर तालुक्यातले क्रीडा मंडळ, महाविद्यालय किंवा सहकारी संस्था संकुल चालवू शकते. इंग्लंडमध्ये शाळेच्या क्रीडागृहाला अनुदान किंवा बांधकाम परवानगी देताना शाळा सुटल्यावर ते गावाला कोणत्या वेळी, कोणत्या दराने मिळेल याचा करार मागण्याची पद्धत आहे. तिथेच १९३६ साली पंचम जॉर्ज वारल्यावर स्मारकनिधी जमला, तेव्हा लंडनमध्ये एक पुतळा झाला, आणि उरलेल्या पैशातून देशभर ४७१ मैदानांना मदत मिळाली. मदत खर्चाच्या काही भागापुरती, रोजचा सांभाळ स्थानिक संस्थेचा, आणि जमीन कायम खेळासाठीच राहील असे बंधन. फाटकावर राजचिन्हाच्या फरशाही बसवल्या. नाव कोरण्याची हौस त्यांनाही होती, पण नावासोबत जबाबदारीही लिहून घेतली.

मोठ्या संकुलांची बाजूही ऐकून घ्यायला हवी. पुण्याचे बालेवाडी संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले, २००८ मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. अशी स्थळे राज्याला लागतात, त्याशिवाय वरच्या पातळीच्या स्पर्धा इकडे येणार नाहीत. मान्य. पण तालुक्याच्या संकुलाने बालेवाडीची छोटी प्रतिकृती व्हायला जाऊ नये. वर्षातून एकदा भरणाऱ्या स्पर्धेसाठी प्रेक्षकांच्या पायऱ्या आणि बारा महिने येणाऱ्या मुलांसाठी बंद नळ, ही वाटणी परवडणारी नाही.

आणि मोठे नाव दिल्याने काम पुढे सरकते, हाही समज खरा नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांना तिकडे जाता यावे म्हणून गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. त्यांच्या गोळेश्वर गावी कुस्ती संकुल बांधण्याची घोषणा झाली. वर्षांमागून वर्षे गेली, खर्चाचे अंदाज चढत राहिले, आणि २०१७ मध्ये त्यांच्या कुटुंबीयांना पदकाचा लिलाव करण्याचा इरादा जाहीर करावा लागला. गावकऱ्यांच्या वर्गणीने खाशाबांचा प्रवास झाला, त्यांच्या नावाचे संकुल मात्र मंजुऱ्यांच्या साखळीत वर्षानुवर्षे अडकले.

आपल्या तालुक्याचे संकुल कोणत्या अवस्थेत आहे ते वाचकाने स्वतः पाहावे, आणि दाराला कुलूप दिसले तर समितीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: गेल्या वर्षीचे विजेचे बिल किती आले आणि कोणत्या खात्यातून भरले, मैदानाच्या तासांचा मंजूर तक्ता आहे का, मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली सकाळी सहा वाजता कोणाकडे असते. माहितीच्या अधिकारात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तराची मुदत ३० दिवस.